विंडोज १० सोबत आलेल्या ब्रँडेड कंप्युटरवर विंडोज ७ कसं टाकायचं: तयारीपासून शेवटच्या ड्रायव्हरपर्यंत

एचपी, डेल, लेनोवो किंवा एसरच्या घरगुती कंप्युटरवर विंडोज ७ टाकताना प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन हा सगळ्यांत सोपा भाग असतो. घोडं अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. पेन ड्राइव्ह बायोसला (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसत नाही. सेटअप सुरू झाला की कीबोर्ड आणि माउस दोन्ही बंद पडतात. डिस्कची यादी रिकामी येते. हे सगळं निभावलं तरी शेवटी समोर येतो तो फुगलेल्या अक्षरांचा डेस्कटॉप, ज्यावर आवाज नाही आणि इंटरनेटही नाही.

सुटे भाग जोडून बनवलेल्या कंप्युटरमध्ये मदरबोर्डचं नाव माहीत असतं आणि बायोसमध्ये सगळे पर्याय उघडे असतात. ब्रँडेड मशीनमध्ये तसं नसतं. बायोसचा मेनू कंपनीने छाटलेला असतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन मशीनमध्ये वायफाय कार्ड दोन वेगळ्या कंपन्यांचं निघू शकतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: सगळे ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम) गोळा होऊन ते उघडून बघितल्याशिवाय डिस्कला हात लावू नका. पुढचा सगळा क्रम याच आग्रहाभोवती लावला आहे.

खरंच प्रत्यक्ष मशीनवर टाकायची गरज आहे का?

जुनी सिस्टीम लागते ती बहुधा एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी किंवा जुन्या उपकरणासाठी. नुसतं सॉफ्टवेअर चालवायचं असेल, तर विंडोज १० तसंच ठेवून व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारा कंप्युटर, बनवून त्यात विंडोज ७ चालवा. ड्रायव्हरचा प्रश्नच उद्भवत नाही, बिघडलं तर एक फाइल पुसून पुन्हा सुरुवात करता येते, आणि मूळ सिस्टीमला धक्का लागत नाही. साधे यूएसबी स्कॅनर आणि सॉफ्टवेअरची कुलूपवजा यूएसबी डोंगलसुद्धा बऱ्याचदा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन लागतं ते फायरवायरवर चालणारा ऑडिओ इंटरफेस, स्लॉटमध्ये बसणारं नियंत्रण-कार्ड, पॅरलल पोर्टवरचं यंत्र किंवा ग्राफिक्स कार्डाची पूर्ण ताकद मागणारे जुने खेळ अशा कामांसाठी. तुमचं काम यातलं असेल तर पुढे वाचा.

३२ बिट की ६४ बिट हेही इथेच ठरवा. ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम अजिबात चालत नाहीत, आणि त्यातले ड्रायव्हर डिजिटल सहीचे असावे लागतात. नव्वदच्या दशकातलं सॉफ्टवेअर किंवा सहीशिवायचा जुना ड्रायव्हर हेच कारण असेल तर ३२ बिट घ्या. त्यात ४ जीबीच्या आतलीच रॅम वापरता येते आणि यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीने बूट करता येत नाही, हे मात्र धरून चाला. बाकी सर्वांनी ६४ बिट घ्यावं.

तुमचं मशीन विंडोज ७ स्वीकारेल का?

पहिली खूण प्रोसेसरची. इंटेलच्या कोअर आय३, आय५, आय७ पुढच्या आकड्याचा पहिला अंक पिढी सांगतो: आय५-४४६० चौथी, आय५-६४०० सहावी, आय३-७१०० सातवी. सहाव्या पिढीपर्यंत विंडोज ७ ला अधिकृत पाठबळ होतं. सातव्या पिढीपासून, आणि एएमडीच्या ब्रिस्टल रिज व रायझन चिप्सवर, मायक्रोसॉफ्टने २०१७ साली विंडोज ७ चे अपडेट रोखले. विंडोज अपडेट उघडलं की प्रोसेसर चालत नसल्याचा संदेश येतो. सातव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी इंटेलचा अधिकृत विंडोज ७ ड्रायव्हरही नाही. त्यामुळे दुसऱ्या ते पाचव्या पिढीचं मशीन असेल तर निर्धास्त पुढे जा, सहावीचं असेल तर जास्तीची तयारी करा, आणि सातवी किंवा पुढची असेल तर माझा सल्ला व्हर्च्युअल मशीनचाच.

दुसरी खूण कंपनीच्या मदत-पानाची. तिथे मालिकेचं नाव टाकून शोधू नका. 'पॅव्हिलियन' किंवा 'इन्स्पिरॉन' या नावाखाली ढीगभर मॉडेल आहेत. एचपीमध्ये मशीनच्या लेबलवरचा प्रॉडक्ट नंबर टाका, डेलमध्ये सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग, लेनोवोमध्ये मशीन टाइप किंवा अनुक्रमांक. पान उघडलं की ऑपरेटिंग सिस्टीमच्या यादीत विंडोज ७ आहे का ते बघा. असेल तर अर्धं काम झालं.

नसेल तरी लगेच हार मानू नका. घरगुती मॉडेलच्या पानावर विंडोज ७ नसतं, पण त्याच चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) ऑफिससाठी बनवलेल्या मॉडेलच्या पानावर ते बऱ्याचदा सापडतं. एचपीची प्रोडेस्क, डेलची ऑप्टिप्लेक्स आणि लेनोवोची थिंकसेंटर ही नावं त्यासाठी लक्षात ठेवा. चिपसेट, नेटवर्क आणि आवाजाचे ड्रायव्हर चिपनुसार ठरतात, वरच्या डब्याच्या नावाने नाही.

कोणती चिप आहे हे विंडोज १० चालू असतानाच नोंदवून घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडा, प्रत्येक उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या टॅबवर जा आणि 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे 'व्हीईएन' पुढे कंपनीचा आणि 'डीईव्ही' पुढे चिपचा असे चार-चार अक्षरी संकेत दिसतील. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हीडिया, १००२ म्हणजे एएमडीचं ग्राफिक्स, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. ग्राफिक्स, नेटवर्क, वायफाय, आवाज, यूएसबी आणि डिस्क-कंट्रोलर या सहांचे संकेत कागदावर उतरवा. जुनी सिस्टीम बसल्यावर यादीत 'अननोन डिव्हाइस' दिसेल तेव्हा हाच कागद कामी येतो.

परवाना

विंडोज ८ पासून पुढच्या ब्रँडेड मशीनमध्ये विंडोजची 'की' (परवान्याचा क्रमांक) बायोसमध्येच कोरलेली असते. ती विंडोज ७ ला चालत नाही. मशीन विंडोज १० प्रोसह आलं असेल, तर परवान्याच्या अटींनुसार विंडोज ७ प्रोफेशनल वापरण्याची मुभा असते. होम आवृत्तीसोबत तसा हक्क मिळत नाही. तेव्हा घरगुती मशीनसाठी विंडोज ७ चा वेगळा, खरा परवाना लागतो.

विंडोज ७ सोबतच आलेलं आणि नंतर १० वर नेलेलं मशीन असेल, तर की तळाशी, बाजूला किंवा बॅटरीखाली चिकटवलेल्या लेबलवर मिळेल. लेबलवरची अक्षरं पुसट होत जातात, फोटो आजच काढा. अशा मशीनची मूळ रिकव्हरी डीव्हीडी जपून ठेवली असेल तर उत्तमच, कारण ती बायोसमधली खूण ओळखून स्वतःच ॲक्टिव्हेट होते.

विंडोज ७ की न टाकताही इन्स्टॉल होतं आणि ३० दिवस पूर्ण चालतं. आधी कीशिवाय टाका, सगळे ड्रायव्हर बसले आणि ज्या कामासाठी खटाटोप केला ते काम झालं, की मगच की वापरा. इन्स्टॉलेशनची फाइल मूळ डीव्हीडीवरूनच बनवा, आणि ती सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ च्या अपडेटचा मोठा संच) सह असू द्या. 'आधीच ॲक्टिव्हेट केलेल्या' फाइली नेटवर मिळतात, त्यांत काय घातलेलं आहे ते कळायला मार्ग नसतो.

मूळ डिस्क बाहेर काढा

बॅकअपचे अनेक मार्ग आहेत, पण माझ्या मते ब्रँडेड मशीनसाठी सगळ्यांत खात्रीचा मार्ग एकच: मूळ डिस्क स्क्रू काढून बाजूला ठेवा आणि नवी साटा एसएसडी बसवून तीवर विंडोज ७ टाका. मूळ डिस्कवरची विंडोज १०, कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन आणि तुमच्या फाइली सगळं जसंच्या तसं राहतं. विंडोज ७ ला साटा एसएसडी व्यवस्थित हाताळता येते, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

एम.२ स्लॉटमधल्या एनव्हीएमई डिस्कची गोष्ट वेगळी. विंडोज ७ मध्ये तिचा ड्रायव्हर मुळात नाही. केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स (छोटे दुरुस्ती-अपडेट) इन्स्टॉलेशनच्या फाइलमध्ये मिसळावे लागतात, आणि बहुतेक मशीन लेगसी, म्हणजे जुन्या बायोसच्या, पद्धतीने त्या डिस्कवरून बूटच होत नाहीत. साटाची जागा असेल तर या भानगडीत पडू नका.

डिस्क काढणं शक्य नसेल, तर क्लोनझिला या प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्या. शिवाय विंडोज १० मधून १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवा.

आणखी एक गोष्ट बायोसमध्ये जाण्याआधीच करा. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते बघा. होम आवृत्तीच्या बऱ्याच लॅपटॉपवर ते मालकाला न विचारताच चालू झालेलं असतं. तसं असताना सिक्युअर बूट (फक्त डिजिटल सहीची सिस्टीमच सुरू होऊ देणारी बायोसची सोय) बंद केलं, तर पुढच्या वेळी विंडोज १० उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यावरून उतरवून घ्या किंवा एन्क्रिप्शन बंद करून डिस्कवरचं ते कुलूप पूर्ण निघू द्या.

पेन ड्राइव्ह: इथे घाई करू नका

सहाव्या पिढीच्या इंटेल मशीनवर विंडोज ७ चा सेटअप हमखास अडतो ती जागा ही. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, आणि त्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर नाही. पाचव्या पिढीपर्यंत चिपसेटमध्ये यूएसबी २.० चा जुना कंट्रोलरही असायचा, म्हणून पेन ड्राइव्ह निळ्याऐवजी काळ्या पोर्टमध्ये लावला की काम भागायचं. सहाव्या पिढीत इंटेलने तो कंट्रोलर काढून टाकला. बायोस चालू असेपर्यंत कीबोर्ड चालतो, पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरूही होतो, आणि भाषा निवडायच्या पडद्यावर पोचल्याबरोबर सगळे पोर्ट मुके होतात. कीबोर्ड चालला तरी पुढे 'सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही' असा संदेश येतो. डीव्हीडीशी त्याचा काहीही संबंध नसतो. सेटअपला स्वतःचा पेन ड्राइव्हच दिसेनासा झालेला असतो.

डेस्कटॉपला मागे गोल पीएस/२ पोर्ट असेल तर त्यावरचा कीबोर्ड चालतो. पण पक्का इलाज म्हणजे यूएसबी ३.० चा ड्रायव्हर सेटअपच्या आतच मिसळणं. विंडोज १० चालू असलेल्या कंप्युटरवर हे असं करा:

१. डीव्हीडीतलं सगळं सी ड्राइव्हवरच्या एका साध्या नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. शेजारी दोन रिकामे फोल्डर बनवा, एक 'माउंट' नावाचा आणि एक 'ड्रायव्हर' नावाचा.

२. कंपनीच्या पानावरून घेतलेला यूएसबी ३.० ड्रायव्हर सेव्हन-झिपने उघडून 'ड्रायव्हर' फोल्डरमध्ये टाका. आत आयएनएफ प्रकारच्या फाइली दिसायला हव्यात. नुसती ईएक्सई फाइल इथे उपयोगाची नाही. एचपीच्या ईएक्सई फाइली चालवल्या की सहसा सी ड्राइव्हवर 'एसडब्ल्यूसेटअप' नावाच्या फोल्डरात स्वतःच उलगडतात. डिस्क-कंट्रोलरचा आणि नेटवर्कचा ड्रायव्हरही याच फोल्डरात ठेवा.

३. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. विंडोजमध्येच असलेल्या डीआयएसएम या साधनाने 'सोर्सेस' फोल्डरमधली, सेटअप चालवणारी बूट.विम ही फाइल 'माउंट' फोल्डरवर चढवा, म्हणजे तिच्यातलं सगळं त्या फोल्डरात उघडा. ॲड-ड्रायव्हर आणि रिकर्स हे पर्याय देऊन ड्रायव्हर घाला आणि कमिटसह (बदल जतन करून) उतरवा. हे इंडेक्स (फाइलमधल्या एकेका प्रतीचा क्रमांक) १ आणि इंडेक्स २ दोन्हींसाठी करायचं. खरा सेटअप इंडेक्स २ मध्ये असतो, तो चुकवला तर सगळी मेहनत वाया जाते.

४. तेच इन्स्टॉल.विमसाठी, म्हणजे खुद्द विंडोज जिच्यात असतं त्या फाइलसाठी, करा, ज्या आवृत्तीची की तुमच्याकडे आहे तिच्या इंडेक्सवर. ही पायरी गाळली तर सेटअप पूर्ण होतो, पण पहिल्या रीस्टार्टनंतर नाव आणि पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड पुन्हा बंद पडतो.

५. इन्स्टॉल.विम चढवलेली असतानाच ॲड-पॅकेजने केबी४४९०६२८ आणि त्यानंतर केबी४४७४४१९ हे दोन अपडेट घाला. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर मिळतात. मूळ विंडोज ७ ला शा-२ पद्धतीची डिजिटल सही ओळखता येत नाही, आणि नंतरचे कित्येक ड्रायव्हर त्याच सहीचे आहेत. हे अपडेट नसले की ड्रायव्हर बसल्यासारखा दिसतो, पण उपकरणावर पिवळी खूण आणि 'कोड ५२' येतो.

कमांड लिहिणं जड जात असेल तर एनटीलाइट हा प्रोग्रॅम हेच काम खिडक्या-बटणांतून करतो. तयार फोल्डरची आयएसओ (डीव्हीडीची एकाच फाइलमधली प्रत) बनवा आणि रुफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवा. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) आणि टार्गेट सिस्टीम बायोस निवडा.

त्याच पेन ड्राइव्हवर आणखी एक फोल्डर ठेवा: बाकीचे सगळे ड्रायव्हर, फायरफॉक्स ११५ ईएसआरची (दीर्घ पाठबळाच्या आवृत्तीची) पूर्ण इन्स्टॉल फाइल आणि सेव्हन-झिप. विंडोज ७ सोबत येतो तो इंटरनेट एक्सप्लोरर ८, आणि त्यात आजच्या बहुतेक वेबसाइट उघडतच नाहीत. म्हणजे ब्राउझर डाउनलोड करायलासुद्धा ब्राउझर उरत नाही.

बायोस

कंपनीगणिक कळ वेगळी. डेलमध्ये सेटिंगसाठी एफ२ आणि बूट मेनूसाठी एफ१२. एचपीमध्ये मशीन सुरू होताच एस्केप दाबत राहा, मग एफ१० ने सेटिंग आणि एफ९ ने बूट मेनू. लेनोवोच्या डेस्कटॉपवर एफ१ आणि एफ१२. आयडियापॅड लॅपटॉपवर कडेला छोटं नोव्हो बटण असतं, बंद मशीनवर ते टाचणीने दाबलं की मेनू येतो. एसरमध्ये एफ२, आणि एफ१२ चा बूट मेनू बहुधा आधी एफ२ मध्ये जाऊन चालू करावा लागतो. विंडोज १० च्या फास्ट स्टार्टअपमुळे कळ पकडता येत नसेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होईल.

काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. मग या क्रमाने बदला.

पहिलं, सिक्युअर बूट बंद. एसरच्या अनेक लॅपटॉपवर हा पर्याय करडा दिसतो. आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवला की तो उघडतो. लेनोवोच्या डेस्कटॉपवर 'ओएस ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' आधी बंद करावं लागतं. एचपीमध्ये बदल सेव्ह करून मशीन पुन्हा सुरू झालं की काळ्या पडद्यावर चार अंकी संकेत येतो आणि तो टाइप करून एंटर मारायला सांगितलं जातं. इथे पुष्कळ लोक गोंधळतात, कारण अंक टाइप केले तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. तसंच असतं. उजवीकडचे नंबरपॅडचे अंक त्या वेळी चालू नसण्याची शक्यता असते, म्हणून अक्षरांच्या वरच्या ओळीतले अंक वापरा, चारही अंक नीट दाबा आणि एंटर मारा.

दुसरं, लेगसी बूट चालू. नाव कुठे 'लेगसी सपोर्ट' असतं, कुठे 'सीएसएम', तर डेलमध्ये 'लेगसी ऑप्शन रॉम्स'. विंडोज ७ ला पडद्यावर चित्र काढायला जुन्या बायोसची व्हिडिओ सेवा लागते. ती नसेल तर सेटअप 'स्टार्टिंग विंडोज'वरच गोठतो. ज्या मशीनच्या बायोसमध्ये असा कोणताच पर्याय नाही, त्यावर विंडोज ७ चा नाद सोडा.

तिसरं, डिस्कची पद्धत. डेलची बरीच मशीन 'रेड ऑन' या पद्धतीवर लावलेली येतात. नवी डिस्क बसवली असेल तर सरळ एएचसीआय (साटा डिस्कची नेहमीची पद्धत) करा, विंडोज ७ मध्ये त्याचा ड्रायव्हर आहेच. जुन्याच डिस्कवर दुहेरी बूट ठेवायचा असेल तर हा बदल करू नका, कारण विंडोज १० उघडणार नाही. त्याऐवजी इंटेलचा डिस्कसाठीचा आयआरएसटी ड्रायव्हर सेटअपमध्ये 'लोड ड्रायव्हर'मधून द्या.

जाता जाता तारीखही तपासा. बायोसचा सेल संपून घड्याळ मागे गेलेलं असेल, तर पुढे प्रत्येक सुरक्षित वेबसाइट प्रमाणपत्राची तक्रार करेल.

प्रत्यक्ष सेटअप

बूट मेनूत पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर 'यूईएफआय' शब्द नसलेलं निवडा. भाषा, मग 'कस्टम'. 'अपग्रेड'ला हात लावू नका.

डिस्कच्या यादीत तुमची नवी एसएसडीच दिसतेय ना, हे आकारावरून पटवून घ्या. 'जीपीटी प्रकारच्या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही' असा संदेश आला (जीपीटी ही विभागणीची नवी पद्धत) तर शिफ्ट आणि एफ१० दाबा. उघडलेल्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट चालवा, लिस्ट डिस्कने क्रमांक बघा, सिलेक्टने ती डिस्क निवडा, मग क्लीन आणि कन्व्हर्ट एमबीआर. क्लीन ही कमांड कुठलीही खातरजमा न करता अख्खी डिस्क साफ करते. क्रमांकाशेजारचा आकार वाचल्याशिवाय एंटर मारू नका. मूळ डिस्क बाहेर काढून ठेवायला सांगितली ती याच एका क्षणासाठी. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही, एवढं मोठी डिस्क असेल तर ध्यानात असू द्या.

जुन्याच डिस्कवर काम करत असाल तर 'रिकव्हरी' नावाचं पार्टिशन पुसू नका, मोकळी केलेली जागाच निवडा.

पुढे सेटअप स्वतःच चालतो. पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह काढून घ्या, नाहीतर मशीन पुन्हा त्यावरूनच सुरू होऊन सेटअप पहिल्यापासून चालू होतो. की मागेल तिथे रिकामं ठेवून पुढे जा.

ड्रायव्हर: क्रम महत्त्वाचा

इन्स्टॉल.विममध्ये शा-२ चे ते दोन अपडेट घातले नसतील तर सर्वांत आधी ते बसवा. नंतर चिपसेट, मग ग्राफिक्स, नेटवर्क, आवाज, वायफाय आणि शेवटी टचपॅड, कार्ड-रीडर, विशेष कळा. चिपसेटचा ड्रायव्हर आधी का, तर मदरबोर्डवरच्या उपकरणांना त्यांची खरी नावं त्यानंतरच मिळतात आणि पिवळ्या खुणांची यादी एकदम आखूड होते. प्रत्येक मोठ्या ड्रायव्हरनंतर रीस्टार्ट करा. कंटाळा येतो, पण कोणता ड्रायव्हर नडला हे त्यामुळेच कळतं.

उरलेल्या पिवळ्या खुणांची नावं बुचकळ्यात टाकतात. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हा मोडेम वाटतो, पण बहुधा ते इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन असतं. 'एसएम बस कंट्रोलर' म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर बसलेला नाही. 'बेस सिस्टीम डिव्हाइस' बहुतेक वेळा कार्ड-रीडर निघतो. 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर' नुसतंच दिसलं तर तो यूएसबी ३.०. लॅपटॉपवर काही खुणांच्या आयडीत व्हीईएन-डीईव्ही नसतंच, 'एसीपीआय' पुढे अक्षरं असतात: डेलवर 'एसएमओ८८००' आणि एचपीवर 'एचपीक्यू०००४' म्हणजे लॅपटॉप पडताना हार्ड डिस्क वाचवणारा सेन्सर. एसएसडी असेल तर तो बसला नाही तरी बिघडत नाही.

नाव ओळखू आलं नाही तर कागदावरचे संकेत काढा आणि त्या चिपच्या कंपनीच्या पानावर शोधा. आपोआप ड्रायव्हर शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमपासून लांब राहा. ते नको असलेल्या चार गोष्टी सोबत बसवतात, आणि वायफायचा चुकीचा ड्रायव्हर काढणं हे बरोबर ड्रायव्हर शोधण्यापेक्षा अवघड आहे.

अपडेट आणि इंटरनेट

विंडोज ७ चं पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपलं. तरीही सर्व्हिस पॅक १ नंतरचे अपडेट घ्यावेत. त्यांतले बरेचसे २०१६ च्या केबी३१२५५७४ या एकाच मोठ्या गठ्ठ्यात मिळतात. त्याआधी केबी३०२०३६९ बसलेलं असावं लागतं. दोन्ही कॅटलॉगवरून उतरवून हातानेच बसवा. विंडोज अपडेटला शोधत बसायला लावलं तर ते तासन् तास फिरत राहतं.

क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे, जानेवारी २०२३ मधली. म्हणून मी फायरफॉक्सची ईएसआर सुचवली.

पण कळकळीने सांगतो, या मशीनवर बँकेचे व्यवहार, मुख्य ईमेल किंवा पासवर्ड जपणारं काहीही ठेवू नका. नव्याने सापडणाऱ्या त्रुटी आता कोणी बुजवत नाही. ज्या उपकरणासाठी हे सगळं केलं त्याला इंटरनेट लागत नसेल, तर ड्रायव्हर आणि अपडेट झाल्यावर नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा आणि फाइली पेन ड्राइव्हने ने-आण करा. तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या, अद्ययावत मशीनवर तपासूनच लावा. रोजच्या वापरासाठी साधं, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं खातं बनवा.

सगळं जमल्यावर, की टाकून ॲक्टिव्हेट केल्यावर, डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्या. कंट्रोल पॅनेलच्या बॅकअपमध्ये 'सिस्टीम इमेज'चा पर्याय आहे. ड्रायव्हरचा फोल्डर आणि संकेतांच्या कागदाचा फोटो त्याच डिस्कवर ठेवा. या जुन्या फाइली कंपन्या त्यांच्या पानावरून काढत चालल्या आहेत, पुढच्या वेळी त्या तिथे मिळतीलच असं नाही.

एक्सपी हवं असेल तर

एक्सपीला एएचसीआय अजिबात कळत नाही. बायोसमध्ये डिस्क 'आयडीई' किंवा 'ॲटा' पद्धतीवर नेली नाही, तर सेटअप ०x७बी या क्रमांकाच्या निळ्या पडद्यावर थांबतो. तो पर्याय नसेल तर एनलाइट या प्रोग्रॅमने साटाचा ड्रायव्हर सीडीत मिसळावा लागतो. विंडोज १० च्या काळातल्या मशीनवर ग्राफिक्सचे ड्रायव्हर मिळत नाहीत, म्हणून मी ते सुचवत नाही. विंडोज ७ प्रोफेशनल असेल तर मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वेगळा दिलेला 'एक्सपी मोड' मिळाला तर वापरून बघा. तो जुन्या प्रोग्रॅमांसाठीच बनवलेला आहे.

विंडोज १० वर परत जाताना

मूळ डिस्क बसवा आणि बायोसच्या फोटोंवरून तिन्ही गोष्टी पूर्ववत करा: डिस्कची पद्धत, लेगसी बंद, सिक्युअर बूट चालू. डिस्कची पद्धत मूळ जागी नसेल तर विंडोज १० बूट न होणाऱ्या डिस्कचा निळा पडदा दाखवतं. डिस्क खराब झाली असं समजून फॉरमॅट मारू नका, आधी तो फोटो बघा. डिस्क पुसली गेली असेल, तर दुसऱ्या कंप्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज १० चा पेन ड्राइव्ह बनवा आणि की मागेल तिथे 'माझ्याकडे की नाही' निवडा. आवृत्ती मूळचीच निवडलीत, म्हणजे होमला होम, तर इंटरनेट जोडल्यावर मशीन स्वतःच ॲक्टिव्हेट होतं.